दिरंगाईवरची दोन पत्रे

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची एक उद्योगनगरी वसलेली आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या शिवारातील ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक शासनाच्या केओनिक्स या महामंडळाने १९७८ साली तिची आखणी केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही मूळ कल्पना. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली आणि दोनच वर्षांनी बंगळुरास गेलेली इन्फोसिस ही कंपनी १९९४ साली आपले मुख्य कार्यालय घेऊन येथे आली, आणि पुढे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून मराठी तरुण-तरुणींचा ओघ या नगरीकडे सुरू झाला. शहरापासून येथवर येणारा उन्नत मार्ग २०१० साली आणि मेट्रोची पिवळी मार्गिका २०२५ साली खुली झाली. माणसे आता कामाच्या जागी पूर्वीपेक्षा लवकर पोचतात. परंतु कामाच्या जागी पोचणे आणि कामाला लागणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि आजचे भाषण या दोहोंमधील अंतराविषयी आहे.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी भोंगा वाजे. भोंगा वाजला की माणूस उठे, आणि साच्यासमोर उभा राहिला की साचाच त्याच्याकडून काम करवून घेई. इलेक्ट्रॉनिक सिटीतील कामाला भोंगा नाही. ते पडद्यासमोर बसून करावयाचे आणि बरेचसे मनातल्या मनात करावयाचे काम आहे. समोर बसलेला माणूस विचार करीत आहे की विचार टाळीत आहे, हे शेजारच्यालाही कळत नाही. सकाळी हाती घ्यावयाचा मजकूर दुपारवर जातो, दुपारचा संध्याकाळवर, आणि रात्री खोलीवर परतताना 'उद्या पहाटे उठून बसतो' असा संकल्प होतो. उद्या उजाडतो, परंतु त्या संकल्पाची पहाट उजाडत नाही. मग माणूस स्वतःला दूषणे देऊ लागतो. आपण आळशी आहोत, आपल्यात दम नाही, आपण आईबापांचे पैसे वाया घालविले, असे त्याचे स्वतःशीच चालते. आणि आश्चर्य असे की, दूषणांची मात्रा वाढते तसतसे काम अधिकच दूर जाते.

हा काही एका नगरीचाच रोग नाही. पावसाळ्यापूर्वी बांध घालावयाचा राहून गेलेला शेतकरी, परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत खिशात बाळगणारा विद्यार्थी, मृत्युपत्र करू करू म्हणता वर्षे लोटणारे निवृत्त गृहस्थ, ही सारी त्याच बिऱ्हाडातली मंडळी आहेत. आपल्या भाषेत या दुर्गुणाला शब्दही विपुल आहेत. चालढकल, टाळाटाळ, टंगळमंगळ, चुकारपणा, वेळकाढूपणा असे किती सांगावेत! दिरंगाई हा शब्द फारसीतील 'दिरंग', म्हणजे विलंब, यावरून आला. या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते सगळे ठपका ठेवणारे शब्द आहेत. काम का खोळंबले हे त्यांपैकी एकही शब्द विचारीत नाही.

आणि खरी अडचण येथेच आहे. सर्व दिरंगाई एकाच जातीची असते असे आपण गृहीत धरतो, आणि म्हणून तिच्यावर एकच औषध देतो: धाक. परंतु माणसांकडून काम करवून घेण्याची कला ज्यांना साधली होती, त्यांनी असे केलेले नाही. याचा उत्तम पुरावा मराठ्यांच्या इतिहासात आहे. एकाच पुरुषाने दिरंगाईविषयी लिहिलेली दोन पत्रे आपल्यापुढे आहेत. पुरुष म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. दोन पत्रांत पाचेक वर्षांचेच अंतर आहे. परंतु त्यांतील सूर मात्र इतके भिन्न आहेत की, लिहविणारा एकच आहे हे क्षणभर खरे वाटू नये.

पहिले पत्र १६७५ सालच्या जानेवारीतील आहे. राज्याभिषेक होऊन सातआठ महिने झाले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी राजपुरीच्या समुद्रात पद्मदुर्गाचे काम चालू होते, आणि सिद्दी ते होऊ देत नव्हता. किल्ल्याच्या साहाय्यास आरमार जावयाचे होते. दौलतखान आणि दर्यासारंग हे आरमाराचे सरदार. त्यांना रोख पैसा आणि धान्य पुरविण्याची आज्ञा प्रभावळी मामल्याचा सुभेदार जिवाजी विनायक याला झालेली होती. त्याने ते पुरविले नाही. आरमार खोळंबले, आणि समुद्रातल्या त्या खडकावर काम करणारी माणसे शत्रूच्या माऱ्यात तशीच उघडी राहिली.

महाराजांनी सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात कोठेही गोडवा नाही. रसद का पोचली नाही याचा जाब त्यात आहे. शत्रूने तुम्हांला काही देऊन आपलेसे केले आहे की काय, असा उघड संशय त्यात आहे. अशा चाकरांना ठाकठीक केलेच पाहिजे, आणि जात पाहून कोणाची भीड धरली जाणार नाही, असा स्पष्ट इशारा आहे. कारण येथे दिरंगाई करणारा एक, आणि तिचे फळ भोगणारे दुसरेच होते. सुभेदाराच्या कोठारात धान्य होते, अंगी शक्ती होती, आज्ञाही हाती पडलेली होती. नव्हती ती कर्तव्याची चाड. अशा दिरंगाईला सहानुभूती दाखविणे म्हणजे पद्मदुर्गावरच्या माणसांवर अन्याय करणे होय. तिला धाक हेच औषध.

आता दुसरे पत्र. त्यासाठी आपल्याला पुन्हा बंगळुरास जावयाचे आहे, पण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बंगळुरास. निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले आणि रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात उतरले. १६३८ च्या सुमारास केंपेगौडाकडून बंगळूर घेण्यात आले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे जवळजवळ पाव शतक हे शहर म्हणजे एका मराठी सरदाराची राजधानीच होती. तेथील दरबारात पंडित होते, अनेक भाषांतले कवी होते. जयराम पिंड्ये याने आपल्या 'राधामाधवविलासचंपू'त त्या दरबाराचे वर्णन केले, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली ते काव्य प्रसिद्धीस आणले. शिवाजी महाराज बालपणी काही काळ याच शहरात होते. नंतर ते जिजाबाईंबरोबर पुण्यास आले. तुकाबाईंच्या पोटी झालेले धाकटे बंधू व्यंकोजीराजे मात्र वडिलांपाशीच राहिले आणि तेथेच वाढले.

व्यंकोजीराजे नाकर्ते होते असा एक समज आपल्याकडे आहे. तो बरोबर नाही. १६७५ च्या सुमारास मदुरेच्या नायकाविरुद्ध तंजावरच्या साहाय्यास म्हणून आदिलशाहीतर्फे ते गेले आणि अखेर तंजावर त्यांनी स्वतःच घेतले. त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी कालवे व तळी दुरुस्त करविली, ओसाड पडलेली शेते पुन्हा पिकू लागली, असे त्या प्रांतात वावरणाऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी आपल्या पत्रव्यवहारात नमूद केले आहे. ही नोंद मी मुद्दाम सांगत आहे. पुढे जो माणूस हातपाय गाळून बसला, तो मुळात उद्योगी होता. चालढकल करणारा माणूस मुळातच निरुद्योगी असतो, हा आपला समज या एका उदाहरणाने डळमळावयास हरकत नाही.

मग बिघडले कोठे? १६७७ साली महाराज दक्षिण दिग्विजयासाठी कर्नाटकात आले. जिंजी हाती आली. कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीस दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या मिळकतीतील अर्धा वाटा महाराजांनी मागितला. व्यंकोजीराजांना तो द्यावयाचा नव्हता, आणि समोरासमोर नकार देण्याचे धैर्यही नव्हते. एका रात्री ते कोणाला न कळविता नदी उतरून तंजावरास निघून गेले. पुढे त्याच वर्षी महाराजांची पाठ फिरल्यावर त्यांनी संताजी भोसल्यांवर चाल केली. हे संताजीही शहाजीराजांचेच पुत्र. या लढाईत अखेर व्यंकोजीराजांचा पराभव झाला. नंतर पत्नी दीपाबाईंच्या सल्ल्याने समेट झाला. बखरींत या तहाची कलमे दिलेली आहेत. त्यांत बंगळूर व त्याच्या आसपासचे महाल महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. तह झाला, राज्य राहिले, अन्नवस्त्राची ददात नव्हती. परंतु माणूस आतून मोडला होता.

तंजावरच्या कारभारात रघुनाथ नारायण हणमंते हे जुने, जाणते गृहस्थ होते. शहाजीराजांच्या वेळेपासूनचे हे घराणे. 'राज्यव्यवहारकोशा'शी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते रघुनाथपंत हेच. त्यांनी महाराजांना लिहून कळविले की, व्यंकोजीराजांनी उदासपण धरले आहे. देहाची काळजी घेत नाहीत, सणवार करीत नाहीत, फौज रिकामी बसून आहे, राज्यकारभारात मन नाही. कोठेतरी तीर्थाच्या ठिकाणी बसून काळ घालवावा, असे वैराग्याचे बोलणे चालते.

यावर महाराजांनी धाकट्या भावाला जे पत्र लिहिले ते त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळातील आहे. सातारच्या दरबारी रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचे भाषांतर दिले, आणि तेव्हापासून ते वाचकांच्या परिचयाचे आहे. सर्वसाधारणतः त्यातला वैराग्यासंबंधीचा भागच सांगितला जातो. परंतु पत्राची सारी गंमत त्याच्या क्रमात आहे. तो क्रम आपण जरा सावकाश पाहू.

पत्राचा आरंभ आरोपाने होत नाही. बहुत दिवसांत तुमचे पत्र नाही, त्यामुळे आमच्या जिवाला समाधान नाही, असा तो आरंभ आहे. म्हणजे दोषाच्या आधी नाते आले. त्यानंतर रघुनाथपंतांनी काय कळविले ते एकेक करून सांगितले आहे. देह, सण, फौज, कारभार, अशी ती यादी आहे. 'तू आळशी आहेस' असे कोठेही म्हटलेले नाही. अमुक अमुक गोष्टी होत नाहीत, एवढेच म्हटले आहे. माणसाच्या स्वभावावर शिक्का मारला की त्याला करण्यासारखे काही उरत नाही. खोळंबलेल्या गोष्टींची यादी पुढे ठेवली की निदान एक गोष्ट उचलता येते.

तिसरी पायरी वडिलांची. त्यांनी कशी संकटे सोसली, कोणत्या प्रसंगांतून ते हिमतीने पार पडले, हे तुम्ही त्यांच्याजवळ राहून डोळ्यांनी पाहिले आहे, असे महाराज सांगतात. हे नुसते थोरांचे गुणगान नव्हे. १६४८ साली जिंजीच्या वेढ्यात शहाजीराजांना कैद झाली होती. दुसऱ्या वर्षी ते सुटले आणि पुन्हा कामाला लागले. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू आला तोपर्यंत ते घोड्यावरच होते. पराभवाने खचलेल्या पुत्राला विजयी पित्याची आठवण देऊन भागत नाही. पडून पुन्हा उठलेल्या पित्याची द्यावी लागते. आणि तो पिता पाहिलेला असावा लागतो, ऐकीव नव्हे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आम्ही तुमचे वडीलधारे आहोत, आमच्याकडून तुम्हांला कोणतेही भय नाही, असे आश्वासन महाराज देतात. ज्या मोहिमेने व्यंकोजीराजांचा धीर सुटला, ती याच वडील भावाची होती. म्हणून हे वाक्य त्यांच्याकडूनच येणे अवश्य होते. भय शिल्लक आहे तोवर उपदेश कानांवरूनच जातो. महाराजांनी आधी भय काढले आणि मग काम सांगितले.

आणि काम कोणते सांगितले? येथे तर त्यांच्या व्यवहारज्ञानाची कमाल आहे. आरंभीच 'राज्य वाढवा' असे सांगितलेले नाही. आधी देहाकडे पाहा. नेहमीचे सणवार, व्रतवैकल्ये चालू करा. मग आपल्या माणसांना कामे नेमून द्या. मग फौजेला कामास लावा, बसून पगार खाऊ देऊ नका. कीर्तीची गोष्ट त्यानंतर येते, आणि तीही नात्याच्या वाटेने: धाकट्या भावाचा लौकिक कानी आला म्हणजे आम्हांला केवढे सुख होईल! एकट्याने हे होणार नाही हे जाणून, रघुनाथपंत जवळ आहेत, त्यांना विचारून चालावे, असा एक सोबतीही नेमून दिला आहे. आणि अगदी शेवटी ते सुप्रसिद्ध सांगणे येते की, हे दिवस पराक्रमाचे आहेत; वैराग्य वृद्धपणी करावयाचे; आता उठा, आणि काय करता ते आम्हांला पाहू द्या.

दोन्ही पत्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. सुभेदाराला धाक दिला, भावाला अभय दिले. सुभेदाराची दिरंगाई बेपर्वाईतून आलेली होती, भावाची खचलेपणातून. वरून दोन्ही सारखीच दिसतात: फौज रिकामी, कोठार बंद, काम उद्यावर. आत मात्र एकीकडे निगरगट्टपणा आहे आणि दुसरीकडे जखम आहे. महाराजांनी पत्रांची अदलाबदल केली असती तर काय झाले असते? व्यंकोजीराजे बहुधा खरोखरच एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी जाऊन बसले असते, आणि जिवाजी विनायकाने त्या गोड पत्राची घडी करून ती दप्तरात ठेवून दिली असती.

येथे एक शंका निघेल. वैराग्य ही आपल्या परंपरेने थोर मानलेली गोष्ट आहे. तिला महाराजांनी चालढकल कशी म्हटले? याचे उत्तर त्याच काळच्या समर्थ रामदासांच्या ग्रंथरचनेत सापडते. दासबोधाच्या बाराव्या दशकाचे नाव 'विवेकवैराग्य' असे आहे, आणि त्याच दशकात 'यत्नशिकवण' हा समास घातलेला आहे. वैराग्याच्या घरातच समर्थांनी यत्नाला जागा दिली. ज्याने काम पुरे करून सोडले त्याचे ते वैराग्य. जो कामाला भिऊन उठला, त्याने वैराग्याची नुसती कफनी पांघरली. आजच्या काळी ही कफनी निराळ्या कापडाची असते इतकेच. 'या कामात काही अर्थच नाही', 'ही स्पर्धा मला मान्यच नाही', 'योग्य वेळ आली की आपोआप होईल', ही वाक्ये कधी खरी असतात. परंतु कामाला बसण्याच्या घटकेलाच ती नेमकी सुचू लागली, तर त्यांचा संशय धरावा.

गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ साली असे प्रतिपादन केले की, चालढकल हा मुख्यतः वेळेच्या हिशेबाचा दोष नसून मनःस्थितीचा प्रश्न आहे. काम पुढे येताच भीती, कंटाळा, कमीपणा अशी काही अप्रिय भावना उठते; काम दूर सारले की ती भावना घटकाभर शमते; आणि त्या घटकाभराच्या सुखाची माणसाला सवय जडते. तत्पूर्वी २०१० साली कॅनडातील कार्लटन विद्यापीठात विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास लांबणीवर टाकल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली, असे तीत आढळले. स्वतःला फटके मारणारे पुढे गेले नाहीत. क्षमा करणारे गेले. आणि पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवून दिले की, 'मी हे करीन' एवढ्या संकल्पापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झाले की मी हे करीन' असा संकल्प कितीतरी अधिक वेळा तडीस जातो.

अभय, क्षमा, आणि मोघम आज्ञेऐवजी नेमके काम, ही तिन्ही त्या तंजावरच्या पत्रात आलेली आहेत. महाराजांनी मानसशास्त्राचा ग्रंथ वाचला नव्हता. त्यांनी माणसे वाचली होती.

आता पुन्हा होसूरच्या रस्त्यावर येऊ. इलेक्ट्रॉनिक सिटीतील एका भाड्याच्या खोलीत रात्री जागा असलेला आपला तरुण रोज स्वतःला प्रभावळीचे पत्र लिहीत असतो. जाब, संशय, धमकी. खरे पाहता त्याला तंजावरचे पत्र हवे आहे. ते लिहावयास वडील भाऊ जवळ नसला तर त्याने ते स्वतःच स्वतःला लिहावे. त्याचा क्रम ठरलेला आहे. 'मी असा आहे' असे न लिहिता काय काय खोळंबले आहे याची यादी करावी. त्या कामात भय कसले वाटते हे एका वाक्यात मांडावे. वरिष्ठ हसतील, चूक उघडी पडेल, आपण समजतो तेवढे हुशार नाही हे ठरेल, असे जे काही असेल ते. कागदावर उतरलेले भय बहुधा मनातल्या भयाहून लहान निघते. मग देहाकडे पाहावे: झोप, जेवण, चार पावले चालणे. सण घरी जाऊन करता येत नसेल तर खोलीवर करावा. महाराजांनी राज्यकारभाराच्या आधी सणवार सांगितले ते उगाच नव्हे. दिवसांचा आकार हरवला की कामाचाही हरवतो. त्यानंतर एकच लहानसे काम, त्याच्या वेळेसह आणि जागेसह, ठरवावे. सकाळी चहाचा पेला ठेवला की पहिला परिच्छेद लिहावयाचा, इतके लहान. आणि कोणी एक रघुनाथपंत शोधावा, ज्याला संध्याकाळी 'झाले' किंवा 'नाही झाले' एवढेच सांगावयाचे.

रघुनाथपंतांची कामगिरी आपण विसरू नये. त्यांनी पाहिले, ओळखले, आणि ज्याचे ऐकले जाईल अशा माणसाला कळविले. खचलेला मनुष्य स्वतः होऊन पत्र लिहीत नाही. 'बहुत दिवसांत पत्र नाही' हीच त्याची खूण असते. आपल्या परगावी असलेल्या मुलाचा फोन तुटक झाला, जेवणाखाणाची, सणावाराची गोष्ट तो टाळू लागला, तर तो गर्वाने बदलला असे लगेच म्हणू नये. उदासपण आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो आजारही असू शकतो, आणि आजाराला वैद्य लागतो. याच होसूर रस्त्यावर, शहराच्या अंगाला, १९७४ साली स्थापन झालेली निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरापासून सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही लावता येतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते. आपल्या मुलाला तो क्रमांक सांगणे म्हणजे त्याला दुबळे म्हणणे नव्हे.

मात्र याचा अर्थ पहिले पत्र रद्द झाले असा कोणी करू नये. स्वतःच्या दुखऱ्या मनाचे निमित्त सांगून दुसऱ्याचे अन्न अडविण्याचा हक्क कोणालाही नाही. शिपाई, कारकून, अभियंता, वैद्य, शिक्षक, ज्यांच्या टेबलावर दुसऱ्याचा कागद पडलेला आहे अशा प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या या विलंबामुळे समुद्रातल्या एखाद्या खडकावर कोणी माझ्या रसदेची वाट पाहत उघडा उभा आहे काय? उत्तर 'होय' असे आले, तर स्वतःशी कठोर व्हावे, कागद आजच हलवावा, आणि मनाची समजूत मागाहून काढावी. उत्तर 'नाही, मीच माझी वाट पाहत आहे' असे आले, तर मृदू व्हावे. कठोरपणा आणि मृदुता ही दोन्ही आपल्यापाशी असतात. चूक होते ती पत्ता घालण्यात. आपली बेपर्वाई आपण गोंजारतो आणि आपल्या जखमेला चाबूक मारतो.

व्यंकोजीराजांचे पुढे काय झाले? एका पत्राने एका मनुष्याचे आयुष्य पालटले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या बंगळुरात ते वाढले ते शहर भोसल्यांच्या हाती टिकले नाही. ते म्हैसूरला विकण्याचे बोलणे चालू असतानाच १६८७ साली औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने ते घेतले, आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तंजावर मात्र राहिले. व्यंकोजीराजांनी गादी सोडली नाही, ते तीर्थाला जाऊन बसले नाहीत. त्यांच्या आणि दीपाबाईंच्या पुत्राने, शाहराजाने, मराठीत नाटके लिहिली. त्यांच्याच वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वैभवास नेले. आणि १८५५ पर्यंत, म्हणजे सातारची गादी खालसा झाल्यावरही काही वर्षे, कावेरीच्या काठी मराठी राज्य नांदत होते. महाराजांचे ते पत्र गेले तेव्हा यांतले काहीच व्हावयाचे होते. फौज रिकामी होती, राजा उदास होता, आणि करावयाचे पहिले काम एवढेच होते की, देहाकडे पाहावे, सण करावा, माणसांना कामे नेमून द्यावीत.

श्रोतेहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोठेतरी एक अर्धवट सोडलेले काम आहे. आज त्याच्यासमोर बसण्यापूर्वी ही दिरंगाई प्रभावळीची आहे की तंजावरची, एवढे मात्र अवश्य ठरवा. आणि तंजावरची असेल, तर सर्वांत लहान काम हाती घ्या.